पिरॅमिड, तार आणि बंद पाकीट: सर्जन होण्याच्या शर्यतीचा इतिहास

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी जुळवून घेतली आहेत.)

आजचा भाग एका प्रश्नातून निघालाय. एका श्रोत्या ताईंनी लिहिलं: मुलगी अमेरिकेत मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेशंटशी अजून धड गाठ पडलेली नाही, पण तिला न्यूरोसर्जरी हवी आहे. म्हणून आत्तापासूनच रिसर्च पेपर हवेत, आणि त्यासाठी एक अख्खं वर्ष जास्तीचं घेऊ का, असं विचारतेय. ताई पुढे म्हणतात, आमच्या वेळी माणूस आधी डॉक्टर व्हायचा, कशाचा डॉक्टर ते मग ठरायचं. हे उलटं कधीपासून झालं?

प्रश्न मला आवडला. ही शर्यत एका दिवसात उभी राहिलेली नाही. ती आधी हॉस्पिटलच्या आत होती, मग दारापाशी आली आणि मग कॉलेजच्या वर्गात शिरली. आणि गंमत म्हणजे प्रत्येक वेळी ती कोणीतरी चांगल्या हेतूनं हलवली.

सुरुवात करू १८८६ पासून. त्या वर्षीच्या ११ मार्चला आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या. त्यांची गोष्ट आपल्याला पाठ आहे, म्हणून ती आज सांगत नाही. फक्त एक तपशील लक्षात ठेवा: अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. त्या काळच्या अमेरिकेत पदवी हातात आली की डॉक्टर पाटी लावायचा, आणि धाडस असेल तर ऑपरेशनही करायचा. सर्जन म्हणून वेगळी परीक्षा नव्हती, ठरलेली वर्षं नव्हती. ज्यांच्याकडे पैसा होता ते युरोपात जायचे, व्हिएन्नाला, बर्लिनला, मोठ्या सर्जनच्या मागे उभे राहून बघायचे आणि परत यायचे. बाकीचे पेशंटवर शिकायचे. 'पेशंटवर शिकायचे' हे शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण पुढचं सगळं या दोन शब्दांवर तोडगा म्हणून जन्माला आलंय.

असाच युरोप बघून आलेला एक माणूस म्हणजे विल्यम स्टुअर्ट हॅल्स्टेड. जन्म १८५२, न्यूयॉर्कच्या सुखवस्तू घरातला, येल कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कप्तान. १८७७ मध्ये डॉक्टर झाला, दोन वर्षं जर्मन भाषिक देशांत फिरला आणि न्यूयॉर्कमध्ये झपाट्यानं नाव कमावलं. १८८४ मध्ये बातमी आली की व्हिएन्नात कार्ल कोलर यानं कोकेन वापरून डोळा बधिर केला. हॅल्स्टेड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेच औषध नसांभोवती टोचून बघायला सुरुवात केली, स्वतःवरच. आज दाताच्या डॉक्टरकडे जबडा बधिर करतात, त्या कल्पनेच्या मुळाशी हे प्रयोग आहेत. पण कोकेन व्यसन लावतं हे तेव्हा कोणाला नीट ठाऊक नव्हतं. हॅल्स्टेड त्यात पुरता अडकला. इलाजासाठी रोड आयलंडच्या हॉस्पिटलात राहिला, आणि कोकेन सुटता सुटता मॉर्फीन लागलं. ते जवळपास शेवटपर्यंत राहिलं, हे जगाला कळलं १९६९ मध्ये, त्याचा मित्र विल्यम ऑस्लर याची गुप्त टिपणं उघड झाल्यावर.

न्यूयॉर्कमधली कारकीर्द संपल्यात जमा होती. अशा वेळी विल्यम वेल्च या मित्रानं त्याला बाल्टिमोरला बोलावून घेतलं. तिथं १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल उघडलं, आणि हॅल्स्टेड पुढे तिथला मुख्य सर्जन झाला. रबरी हातमोज्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. थिएटरमधली नर्स कॅरोलिन हॅम्प्टन, जंतुनाशकानं तिच्या हातांची आग व्हायची, म्हणून त्यानं गुडइयर कंपनीकडून पातळ मोजे बनवून घेतले. १८९० मध्ये दोघांचं लग्न झालं. गोड गोष्ट आहे, पण आपला विषय तो नाही.

आपला विषय आहे हॅल्स्टेडची शिकवायची पद्धत. जर्मनीत त्यानं पाहिलं होतं की मोठ्या प्राध्यापकाच्या हाताखाली सहायकांची उतरंड असते. तीच उतरंड त्यानं हॉपकिन्समध्ये बसवली. तळाला बरेच इंटर्न, वर थोडे सहायक रेसिडेंट, आणि टोकाला एकच हाउस सर्जन. हे लोक हॉस्पिटलातच राहायचे, 'रेसिडेंट' हा शब्द तिथूनच आला. लग्न करायचं नाही. किती वर्षं लागतील ते आधी सांगायचं नाही. १९०४ मध्ये येल इथं दिलेल्या भाषणात हॅल्स्टेडनं ही पद्धत मांडली, तेव्हा सरासरी आठ वर्षांचा हिशेब होता: सहा सहायक म्हणून, दोन हाउस सर्जन म्हणून.

आता आकडे बघा. ३३ वर्षांत त्याच्या हाताखालून अगदी टोकापर्यंत पोचलेले किती? १७. बाकीचे वाटेत गळले, बाजूच्या शाखेत गेले, दुसऱ्या गावी गेले. त्या १७ पैकी ११ जणांनी दुसरीकडे जाऊन हीच पद्धत रुजवली. हार्वी कुशिंग त्यांतलाच. तो १८९६ ते १९०० हॅल्स्टेडकडे होता, आणि अमेरिकेतली न्यूरोसर्जरी त्यानं अक्षरशः उभी केली. म्हणजे पद्धत निष्ठुर होती, पण तिनं जे सर्जन घडवले ते आधीच्या 'बघून आलो' वाल्यांपेक्षा फार वेगळे होते. पेशंटच्या बाजूनं विचार केला तर हा मोठाच फायदा होता, हे मला मान्य करावंच लागतं.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या पिरॅमिडमध्ये स्पर्धा होती ती आत. आत शिरल्यावर, रोज, वर्षानुवर्षं, शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मित्राशी. दारात तेवढी गर्दी नव्हती.

दाराची गोष्ट वेगळी. हॉपकिन्सचं मेडिकल कॉलेज १८९३ मध्ये सुरू झालं ते मेरी एलिझाबेथ गॅरेट आणि तिच्या मैत्रिणींनी उभ्या केलेल्या पैशामुळे. त्या पैशाला अटी होत्या. मुलींना मुलांच्या बरोबरीनं प्रवेश, आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे आधीची पदवी हवी, विज्ञान हवं, फ्रेंच आणि जर्मन वाचता यायला हवं. इतर कॉलेजं फी भरली की आत घेत होती, त्या काळात ही अट म्हणजे डोंगरच. आपण इथं प्राध्यापक म्हणून आलो ते बरं, विद्यार्थी म्हणून कोणी घेतलं नसतं, अशी थट्टा ऑस्लरनं केल्याचं सांगतात. पहिल्या तुकडीत १८ जण होते, त्यांत तीन मुली. पण हॅल्स्टेडच्या त्या १७ जणांच्या यादीत मुलगी एकही नाही.

आणि ज्याला कॉलेजच्या दारापर्यंतही पोचता आलं नाही, असा एक माणूस याच हॉपकिन्समध्ये होता. व्हिव्हियन थॉमस. कृष्णवर्णीय, नॅशव्हिलचा, सुतारकाम येणारा. मेडिकलला जायचं म्हणून पैसे साठवले होते, ते मंदीत बँक बुडाली तेव्हा गेले. १९३० पासून तो आल्फ्रेड ब्लॅलॉक या सर्जनच्या प्रयोगशाळेत लागला आणि १९४१ मध्ये त्याच्यासोबत हॉपकिन्सला आला. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्लॅलॉकनं निळ्या पडणाऱ्या एका लहान मुलीच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी जोडली. हेलन टाउसिग यांनी सुचवलेलं ते प्रसिद्ध ऑपरेशन. तेव्हा थॉमस स्टुलावर चढून त्याच्या खांद्यामागे उभा होता. कारण ती जोडणी कुत्र्यांवर पुन्हा पुन्हा करून बसवली होती थॉमसनं. पुढे नावारूपाला आलेले कितीतरी सर्जन त्याच्या प्रयोगशाळेत टाके घालायला शिकले. हे सगळं हायस्कूलपर्यंत शिकलेल्या माणसाकडून, ज्याची नोंद आधी सफाई कामगाराच्या श्रेणीत होती. हॉपकिन्सनं त्याला मानद डॉक्टरेट दिली १९७६ मध्ये. आजची मुलं अर्जावर जे काही मोजून दाखवतात, त्यातलं थॉमसकडे काय होतं, असा विचार मी अनेकदा करतो.

असो. पिरॅमिडकडे परत येऊ.

या उतरंडीवर पहिला मोठा घाव घातला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातल्या चर्चिलनं. विन्स्टन नव्हे, एडवर्ड. १९४० च्या सुमारास त्यानं मांडणी केली की एका माणसाला टोकावर नेण्यासाठी बाकीच्यांना वाटेत सोडून द्यायचं, हे बरोबर नाही. देशाला एक-दोन महान सर्जन पुरत नाहीत, भरपूर चांगले सर्जन लागतात. ज्यांना घेतलं, त्यांना शेवटपर्यंत शिकवा. पिरॅमिडच्या जागी आयत. तळाला जेवढे, जवळपास तेवढेच वर. १९३७ मध्ये अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरी स्थापन झालं होतंच, त्यामुळे 'पूर्ण प्रशिक्षण' म्हणजे काय याला आकार येत होता. हळूहळू देशभर आयत जिंकला.

किती न्याय्य वाटतं ना? आहेच. पण गणित बघा. आत शिरलेला प्रत्येक जण सर्जन होणार असेल, तर सर्जन कोण होणार हे ठरतं आत शिरताना. चाळण उचलली आणि दारात आणून ठेवली. दारात उभा कोण? विद्यार्थी.

त्याच सुमाराला दारात वेगळाच गोंधळ चालू होता. तेव्हा कॉलेज संपल्यावर एक वर्षाची इंटर्नशिप असायची, आणि इंटर्नच्या जागा होत्या जास्त, विद्यार्थी कमी. म्हणजे पळत होती हॉस्पिटलं. चांगला पोरगा दुसऱ्यानं पळवायच्या आत आपण विचारू, म्हणून तारखा मागे मागे सरकत गेल्या. लग्नाच्या बाजारात मुलगी दहावीला असतानाच शब्द टाकून ठेवावा, तसं. १९४४ पर्यंत तर मुलाच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी असतानाच जागा ठरू लागली. ज्यानं वॉर्ड पाहिला नाही त्याला हॉस्पिटल निवडत होतं, आणि त्यालाही हॉस्पिटल निवडावं लागत होतं. ताई, तुमचा प्रश्न इथं पहिल्यांदा दिसतो.

१९४५ मध्ये कॉलेजांनी एकी केली: ठराविक तारखेआधी विद्यार्थ्याचे गुण नाहीत, शिफारसपत्र नाही. तारखा सरकायच्या थांबल्या. मग नवं दुखणं. विद्यार्थ्याला एका हॉस्पिटलचा होकार आला, पण त्याला त्याहून बरं हॉस्पिटल हवंय आणि तिथं तो प्रतीक्षा यादीत आहे. तो उत्तर लांबवणार. हॉस्पिटल म्हणणार, लवकर सांग. आधी उत्तराला दहा दिवस होते. ते कमी होत होत १९४९ मध्ये प्रस्ताव असा आला: १५ नोव्हेंबरला रात्री १२ वाजून १ मिनिटानं तारा पोचवायच्या, आणि विद्यार्थ्यानं दुपारी १२ पर्यंत उत्तर द्यायचं. हॉस्पिटलांच्या संघटनेला हे बारा तासही जास्त वाटले! शेवटी ठरलं की वाट बघायचं कसलंच बंधन नाही. मध्यरात्री तार आली की पोरानं तारवाल्यासमोरच आयुष्याचा निर्णय घ्यायचा.

हे टिकणार नव्हतं. मग कल्पना निघाली की सगळ्यांनी आपापला पसंतीक्रम एका जागी पाठवावा, आणि जोड्या एकदमच लावाव्यात. १९५१ मध्ये त्यासाठीची पद्धत जाहीर झाली, आणि विद्यार्थ्यांनी तिच्यात खोट काढली. तिच्यात अवघड जागा पहिल्या क्रमांकावर लिहिली आणि ती मिळाली नाही, तर दुसऱ्या पसंतीच्या ठिकाणी तुम्ही मागे पडायचात. तिथं ज्यानं तीच जागा पहिली लिहिली, तो तुमच्या पुढे. म्हणजे मनातलं खरं लिहिणारा बुडाला. कॉलेज प्रवेशाचा पसंतीक्रम भरताना आपल्याकडे घराघरात ज्या मसलती चालतात, त्या आठवा.

हे पकडणाऱ्या विद्यार्थ्यांचा पुढारी होता हार्वर्डचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, हार्डी हेंड्रेन. महायुद्धात नौदलाचा वैमानिक होता, त्यामुळे वडीलधाऱ्यांना दबकण्याचं वय निघून गेलेलं. कॉलेजा-कॉलेजांतून विद्यार्थ्यांची संघटना बांधली, पर्यायी पद्धत पुढे केली, आणि चक्क काही आठवड्यांत बदल करवून घेतला. १९५२ मध्ये पहिली देशव्यापी 'मॅच' झाली: जागा दहा हजारांवर, विद्यार्थी सहा हजारांच्या आसपास. हा हेंड्रेन पुढे बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलातला विख्यात सर्जन झाला. दिवसदिवस चालणाऱ्या ऑपरेशनांमुळे सहकारी त्याला 'हार्डली ह्यूमन' म्हणायचे.

दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या गणितज्ञांनी जोड्या लावण्याचा एक सुंदर सिद्धांत मांडला. १९८४ मध्ये अल्विन रॉथनं दाखवलं की डॉक्टर मंडळी मुळात तेच आधीपासून करत होती, फक्त झुकतं माप हॉस्पिटलांना होतं. विद्यार्थ्यांच्या बाजूनं झुकणारी सुधारित पद्धत १९९८ पासून लागू झाली, आणि २०१२ मध्ये रॉथ आणि शॅपली यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मार्च महिन्यातल्या एका शुक्रवारी एकाच वेळी पाकिटं फोडणारी मुलं तुम्ही व्हिडिओत पाहिली असतील. ती पाकिटं या सगळ्यातून आलीत.

माझं मत विचाराल तर मॅच ही या संपूर्ण इतिहासातली सगळ्यात यशस्वी दुरुस्ती. तिनं घाई संपवली. आधी झडप घालून फायदाच उरला नाही. पण मॅच जागा वाटते, जागा वाढवत नाही. १९५२ मध्ये दुखणं घाईचं होतं, म्हणून औषध लागू पडलं. पुढे दुखणं टंचाईचं झालं.

ते कसं झालं? एक कारण सहसा कोणी सांगत नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत स्वतंत्र इंटर्नशिप बंद झाली. त्या एका वर्षात नवा डॉक्टर सगळ्या वॉर्डांतून फिरायचा आणि मग ठरवायचा. ते वर्ष गेलं, रेसिडेन्सीतच मिसळलं. आता कॉलेजात असतानाच शाखा ठरवून अर्ज करायचा. ताईंच्या 'आधी डॉक्टर, मग कशाचा' या क्रमाचा शेवट मी या तारखेला धरतो. दुसरीकडे न्यूरोसर्जरी, प्लास्टिक, ऑर्थोपेडिक, कान-नाक-घसा या शाखांत जागा थोड्या आणि इच्छुक जास्त. निवडणाऱ्यापुढे शेकडो अर्ज. काहीतरी मोजता येणारं हवं.

ते सापडलं यूएसएमएलई स्टेप १ मध्ये. १९९२ पासूनची ही परीक्षा, लायसन्ससाठीची. या माणसाला मूलभूत विज्ञान पुरेसं येतं का, एवढंच तिनं सांगायचं. पण निकालात तीन आकडी गुण होते, आणि आकडा दिसला की रांग लागते. विभागांनी त्यावर चाळण लावली. मग दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी वर्गात येणं सोडलं आणि प्रश्नसंच, फ्लॅशकार्डं आणि पाठांतर यांत बुडाली. नीट-पीजीच्या तयारीतली आपली मुलं पाहिलेल्या कोणालाही हे चित्र समजावून सांगायला नको. शेवटी २६ जानेवारी २०२२ पासून गुण काढून टाकले, फक्त पास किंवा नापास.

मुलांनी सुटकेचा श्वास टाकला असेल का? ज्यांना सर्जरी नको होती, त्यांनी टाकला असावा. बाकीच्यांसाठी वजन सरकलं: स्टेप २ च्या गुणांवर, दुसऱ्या हॉस्पिटलात महिनाभर जाऊन 'दिसण्यावर', आणि रिसर्चवर. २०२२ च्या मॅचमध्ये न्यूरोसर्जरी मिळालेल्या अमेरिकन एम.डी. विद्यार्थ्यांच्या नावावर सारांश, सादरीकरणं आणि शोधनिबंध मिळून सरासरी पंचवीसच्या आसपास नोंदी होत्या. हॅल्स्टेडही संशोधन मागायचा, पण रेसिडेंटकडून, आत घेतल्यावर, स्वतः बाजूला उभं राहून. इथं ते दाराबाहेर, कॉलेजची फी भरणाऱ्या मुलांकडून मागितलं जातंय. त्यासाठी जास्तीचं वर्ष काढायचं तर घरात कोणीतरी ते वर्ष पोसायला हवं. माझा खरा आक्षेप इथं आहे. पंचवीस नोंदींमधून हात कसा चालतो हे कळत नाही, आणि रात्री तीनला पेशंट बिघडल्यावर माणूस कसा वागतो तेही कळत नाही. कोणाला एक वर्ष थांबणं परवडलं, एवढं मात्र नक्की कळतं.

आणि तो जुना पिरॅमिड पूर्ण गेला असं समजू नका. जनरल सर्जरीत 'प्रिलिमिनरी' नावाच्या जागा असतात. एक वर्षाचं काम, पुढची हमी नाही. तिथं परदेशातून आलेले डॉक्टर बरेच. माझ्या ओळखीतला एक जण, लातूरकडचा, इथं एम.एस. करून गेलेला. दोन वर्षं दोन गावांत अशा जागेवर राबला. लॅप्रोस्कोपी त्याला आधीपासून येत होती, पण काम मिळालं वॉर्डातलं, कागदांचं आणि रात्रीचं. तिसऱ्या वर्षी पूर्ण जागा मिळाली नाही, म्हणून त्यानं पॅथॉलॉजी घेतली. आज चांगलं चाललंय त्याचं. फोनवर सर्जरीचा विषय मी काढत नाही.

तर ताई, मुलीला वर्ष घेऊ द्यावं का, हे मी सांगणं बरं नाही. तिचे मार्गदर्शक सांगतील. न्यूरोसर्जरीची रेसिडेन्सी सात वर्षांची असते, तिच्या पुढे हे एक आठवं वर्ष आहे. एवढंच बघा की ते वर्ष अशा माणसाच्या हाताखाली जातंय का, जो तिला थिएटरमध्येही उभं करेल. नुसते आकडे वाढवणाऱ्या ठिकाणी वर्ष घालवू नये, असं मला वाटतं.

ताजी भर अशी. एकेक मुलगा सत्तर-ऐंशी ठिकाणी अर्ज टाकतो, तेव्हा कोणाला खरंच यायचंय ते कळेना. म्हणून २०२०-२१ च्या हंगामात कान-नाक-घसा विभागांनी 'सिग्नल' सुरू केले: पाच ठिकाणी सांगा की तुम्ही मनापासून हवे आहात. ऑर्थोपेडिकनं दोन वर्षांनी तीस सिग्नल दिले. पाच सिग्नल म्हणजे इच्छा. तीस म्हणजे साधारण अशी यादी, की जिच्यात नाव नसेल तर अर्ज उघडलाही जाईल का, ही शंका. मुलं आता सिग्नल कुठे खर्च करायचे याचा अभ्यास करतात.

पुढच्या भागात पुन्हा व्हिव्हियन थॉमस. त्यानं स्वतःच्या कामाबद्दल एक पुस्तक लिहिलंय आणि ते सावकाश वाचण्यासारखं आहे. तोपर्यंत प्रश्न पाठवत राहा. नमस्कार.